खांदा, गोळी आणि काडतूस: हलक्या धक्क्याच्या रायफलीचा विचार

रायफलीचा चाप ओढल्यावर गोळी आणि तिच्यामागचा वायू ज्या संवेगाने नळीबाहेर पडतात, त्याच संवेगाने रायफल उलट दिशेला, म्हणजे नेमबाजाच्या खांद्यावर येते. या मागे येण्याला धक्का म्हणतात. ज्यांनी बंदूक हाताळली आहे ते 'बंदूक मारते' असे सरळ सांगतात. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, त्यामुळे धक्क्याचा हिशेब शाळेतल्या अंकगणितात बसतो. ९ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८२० मीटर वेगाने सुटली आणि तिच्यामागे जळालेल्या ३ ग्रॅम दारूचा वायू त्याहूनही अधिक वेगाने, सुमारे १३०० मीटरने, बाहेर पडला, तर साडेतीन किलोची रायफल सेकंदाला ३.२ मीटर वेगाने मागे येते आणि खांद्याला सुमारे १८ ज्यूल ऊर्जा सोसावी लागते. साडेतीन किलोची वस्तू अर्ध्या मीटरवरून खांद्यावर पडावी, तेवढी ही ऊर्जा आहे. त्याच रायफलीतून त्याच वेगाने ११.७ ग्रॅमची गोळी सोडायची तर दारूही थोडी अधिक लागते आणि खांद्यावर येणारी ऊर्जा २९ ज्यूलच्या घरात जाते. गोळीचे वजन तीसच टक्क्यांनी वाढलेले असते, पण धक्का दीडपटीहून अधिक होतो, कारण रायफलीच्या मागे येण्याच्या वेगाचा वर्ग होऊन तो खांद्यापर्यंत पोचतो.

हा फरक शरीर फार लवकर शिकते, आणि एकदा शिकले की विसरत नाही. जोरदार धक्क्याची रायफल चार-दोन वेळा चालवल्यावर नेमबाजाचे डोळे बार होण्याआधीच मिटू लागतात, खांदा आखडतो आणि चापावरचे बोट हळूहळू दाबण्याऐवजी एकदम हिसका देते. ही दचक बाराच्या आवाजात लपून जाते, म्हणून प्रशिक्षक नेमबाजाला न सांगता काडतुसांमध्ये एखादे निकामी, दारू नसलेले काडतूस मिसळतात. ते आले की आवाज होत नाही, धक्काही बसत नाही, तरी नळीचे तोंड वीतभर खाली झुकलेले सगळ्यांना दिसते. चितळाएवढ्या प्राण्याच्या छातीत हृदय आणि फुप्फुसे यांनी व्यापलेली जागा एखाद्या ताटलीएवढी असते. दचकलेल्या हातातून सुटलेली गोळी कितीही ताकदीची असली, तरी ती या ताटलीबाहेर लागली की जनावर जखमी होऊन रानात निघून जाते आणि पुढे कित्येक तास, कधी कित्येक दिवस तडफडून मरते. हरणासाठी हलक्या धक्क्याची रायफल निवडावी हा आग्रह म्हणूनच नेमबाजाच्या सोयीपुरता नाही. त्याच्या मुळाशी प्राण्याला होणारी वेदना आहे, आणि या विषयावरचे कोणतेही लेखन ही गोष्ट बाजूला ठेवून करता येत नाही.

भारतात हा विचार आता इतिहास आणि विज्ञान म्हणूनच करायचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची उरलेली वाटही बंद केली. माणसाच्या जिवाला धोका किंवा पिकांची नासाडी अशा प्रसंगी वनखात्याने लेखी परवानगी दिली तर अपवाद होतो. चितळ, सांबर, काळवीट, चिंकारा यांपैकी कोणावरही बंदूक रोखणे हा गुन्हा आहे, आणि हा कायदा व्हायला उशीरच झाला असे दख्खनच्या माळांवर काळविटांचे जे थोडे कळप उरले आहेत त्यांच्याकडे पाहून म्हणावे लागते. तथापि गोळी कशी उघडते, दारू कशी जळते, एकासारखे दुसरे काडतूस का बनत नाही हे प्रश्न शिकारीबरोबर संपलेले नाहीत. पुण्याजवळच्या निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून जुन्या महामार्गाने पुण्याकडे निघाले की चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी ओलांडून मुळा नदीच्या पलीकडे खडकी लागते, आणि तेथे १८६९ पासून लहान शस्त्रांचा दारूगोळा तयार होत आला आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना झाल्यानंतर दारूगोळा बनवणाऱ्या निर्माण्यांची जी कंपनी स्थापन झाली, तिचे मुख्यालयही खडकीतच आहे. निगडीच्या दुसऱ्या अंगाला देहूरोडची लष्करी छावणी आणि तिची आयुध निर्माणी आहे. या पट्ट्यात काडतूस ही परकी वस्तू नाही.

हलक्या धक्क्याच्या काडतुसांत सर्वांत मानाचे स्थान ७×५७ माउझरचे आहे. यातील ७ हा आकडा गोळीचा मिलिमीटरमधला ढोबळ व्यास सांगतो आणि ५७ हा पितळी पुंगळीची लांबी. १८९२ च्या सुमारास जर्मनीत सैनिकांसाठी तयार झालेले हे काडतूस लंडनच्या रिग्बी या बंदूक बनवणाऱ्या कंपनीने .२७५ या नावाने शिकाऱ्यांपर्यंत पोचवले, आणि १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी जिम कॉर्बेटला जी रायफल भेट दिली, ती याच जातीची होती. रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ मध्ये याच रायफलीने पडला. कॉर्बेटपाशी दुनळी मोठी रायफलही होती, पण डोंगर चढताना आणि अंधारात झटकन खांद्याला लावताना त्याने या हलक्या रायफलीवर वर्षानुवर्षे भरवसा ठेवला, यातच तिची परीक्षा आहे. तिच्या गोळीचे वजन १४० ग्रेन, म्हणजे वर केलेल्या हिशेबातले ९ ग्रॅम. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. सोनार जसा गुंजेच्या बीवर सोने तोलत असे, तसेच युरोपात दाण्यावर तोलले जाई आणि गोळी व दारू मोजण्यासाठी ते माप आजही टिकून आहे. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम.

भारतातल्या सामान्य परवानाधारकाच्या हाती मात्र वेगळेच काडतूस आले, आणि त्यामागे शिकारीचे शास्त्र नसून राज्यकर्त्यांचे भय होते. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर सैन्याच्या .३०३ सारख्या मापांची काडतुसे नागरिकांच्या हाती, किंवा नागरिकांमार्फत बंडखोरांच्या हाती जाऊ नयेत म्हणून ती मापे खासगी वापरासाठी बंद झाली. तेव्हा बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याने ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर लष्करी काडतुसावर बेतलेली .३१५ ची रायफल भारतासाठी काढली. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या कारखान्याने हीच रायफल बनवत ठेवली, म्हणून आजही परवान्याची रायफल म्हटले की बहुतेकांच्या तोंडी 'तीनशे पंधरा' येते. तिची गोळी २४४ ग्रेनची, जवळजवळ १६ ग्रॅमची, जाड, बोथट आणि मंद आहे. हरणाएवढ्या प्राण्याला एवढ्या वजनाची काहीच गरज नव्हती, आणि साध्या शेतकऱ्याच्या किंवा पाटलाच्या खांद्याने कित्येक पिढ्या हा अनाठायी धक्का सोसला तो केवळ कागदावरच्या एका नियमामुळे.

गोळीच्या वजनापेक्षाही तिची घडण महत्त्वाची असते, आणि या ज्ञानाचा एक मोठा टप्पा भारतातच घडला. १८९५ च्या चित्राल मोहिमेत .३०३ ची गोळी माणसाच्या शरीरातून सुईसारखी आरपार जाते आणि धावून येणारा माणूस थांबत नाही अशी ब्रिटिश सैन्याची तक्रार होती. या गोळीचा गाभा शिशाचा आणि त्यावर संपूर्ण धातूचे कवच होते. कलकत्त्याजवळच्या डमडम शस्त्रशाळेत कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने टोकावरचे कवच काढून आतले शिसे उघडे ठेवले. असे टोक शरीरात शिरताच दबून छत्रीसारखे पसरते आणि जखम रुंद होते. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा पसरणाऱ्या गोळ्यांना मनाई केली. शिकारीचा नियम याच्या नेमका उलट आहे: इंग्लंडच्या १९९१ च्या हरीणविषयक कायद्यानुसार हरणावर मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी वापरावी लागते, काही लहान जाती सोडल्या तर रायफलीचे माप .२४० इंचांहून कमी चालत नाही आणि नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा किमान २३०५ ज्यूल असावी लागते. यात विसंगती दिसली तरी ती खरी नाही. युद्धाचे नियम करणाऱ्यांना सैनिक लढाईतून बाद होणे पुरेसे वाटत होते, त्याच्या जखमा विनाकारण भीषण व्हायला नको होत्या. शिकारीत प्राणी जखमी राहणे हीच क्रूरता ठरते, तेथे मृत्यू झटपट यावा लागतो.

पसरणे किती, हा मात्र नाजूक प्रश्न आहे. फार मऊ गोळी वेगात हाडावर आदळली तर तिचे तुकडे होतात आणि ती छातीपर्यंत पोचतच नाही. अमेरिकेतील जॉन नोस्लर याला १९४६ मध्ये मूसच्या, म्हणजे घोड्याहून मोठ्या हरणाच्या, शिकारीत हाच अनुभव आला आणि त्याने गोळीच्या मध्यावर कवचाचाच आडवा पडदा ठेवून पुढचे शिसे पसरेल आणि मागचे शाबूत राहील अशी गोळी तयार केली. उलट फार कठीण गोळी मंद वेगाने लागली तर उघडतच नाही. शिशाच्या गाभ्याच्या बहुतेक शिकारी गोळ्यांना नीट उघडण्यासाठी लागतेवेळी सेकंदाला साधारण साडेपाचशे मीटर वेग असावा लागतो. धक्का कमी करण्यासाठी काडतुसात दारू कमी भरणाऱ्याने हे विसरले की सगळा बेत बिघडतो, कारण वेग घटल्याने खांदा सुखावतो, पण त्याच वेगावर उघडण्याची जिची घडण होती ती गोळी आता बंदच राहून आरपार जाते. हलक्या रायफलीसाठी गोळी निवडणे म्हणजे प्रत्यक्षात हाच मेळ घालणे: प्राणी केवढा, अंतर किती, तेथे पोचेपर्यंत गोळीचा वेग किती उरतो, आणि त्या वेगाला उघडणारी गोळी कोणती. भारतीय रानात पूर्वी बहुतेक बार शंभर मीटरच्या आतले असत, तेव्हा अफाट वेगाची आवश्यकता नव्हती. मध्यम वजनाची, मध्यम वेगाची, मऊ टोकाची गोळी चितळाला पुरून उरत असे. अलीकडे निव्वळ तांब्याच्या गोळ्यांचा प्रसार वाढला आहे, कारण शिशाचे कण मांसात आणि मांस खाणाऱ्या गिधाडांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी वापरताच येत नाही.

गोळी आणि नळी यांचाही मेळ लागतो. नळीच्या आतल्या अंगाला स्क्रूसारखे पिळाचे आटे असतात, ते गोळीला गरगर फिरवतात आणि या फिरण्यामुळेच ती भोवऱ्यासारखी स्थिर राहते. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट लागतो. १९५५ मध्ये अमेरिकेत ६ मिलिमीटर मापाची दोन काडतुसे जवळजवळ एकाच वेळी आली. दोन्ही शक्तीने तुल्यबळ होती आणि दोन्हींचा धक्का सौम्य होता. विंचेस्टरच्या .२४३ साठी नळीला दहा इंचांत एक फेरा दिला होता, रेमिंग्टनच्या .२४४ साठी बारा इंचांत एक. रेमिंग्टनने लहान उपद्रवी प्राण्यांवरच्या हलक्या गोळ्यांचा विचार केला होता; ग्राहकांना त्याच रायफलीने हरीणही मारायचे होते, त्यासाठी १०० ग्रेनची लांब गोळी हवी होती, आणि सैल पिळातून ती स्थिर राहणार नाही असा समज पसरला. .२४३ घरोघर पोचले आणि .२४४ मागे पडले. १९६३ मध्ये घट्ट पीळ आणि नवे नाव देऊनही ते सावरले नाही. दोन इंचांच्या फरकाने एका काडतुसाचे नशीब ठरल्याचे असे उदाहरण विरळाच.

काडतुसाचे चार भाग असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. पुंगळीचे पितळ सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे असते, आणि ती ज्या रीतीने तयार होते ती भोसरी-चाकणच्या प्रेसशॉपमध्ये काम केलेल्या कोणालाही पाहताच ओळखू येईल. पत्र्याची चकती काढून तिची वाटी करायची, वाटी टप्प्याटप्प्याने ओढत लांब नळकांडे करायचे, आणि दर ओढीनंतर कडक झालेला धातू भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचा, हेच ते डीप ड्रॉइंग. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तांबूस झाक दिसते ती या शेवटच्या तापवण्याची खूण आहे. त्या झाकेला भारतातला एक कटू अनुभव कारणीभूत आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जात आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांच्या पुंगळ्यांना भेगा पडत. ओढकामात पितळात राहिलेला ताण, दमट हवा आणि घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया या तिघांमुळे धातू तडकतो हे १९२१ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले. मान तापवून ताण घालवला की भेगा थांबतात. धातुशास्त्राच्या पुस्तकांत या दोषाच्या नावातच ऋतू आहे, आणि तो ऋतू आपला पावसाळा आहे.

युरोप-अमेरिकेत अनेक नेमबाज वापरलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाला आणतात, नवी टोपी बसवतात, दारू तोलून भरतात आणि हवी ती गोळी लावतात. यालाच हाताने काडतूस भरणे म्हणतात. पैसे वाचवणे हे त्याचे वरवरचे कारण आहे. खरे कारण म्हणजे एकसारखेपणा. दारू प्रत्येक पुंगळीत ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत सारखी, गोळी नळीच्या आट्यांपासून प्रत्येक वेळी तेवढ्याच अंतरावर, पुंगळी त्याच नळीत एकदा फुलून तिच्याच मापाची झालेली: इतके जमले की प्रत्येक गोळी जवळजवळ एकाच वेगाने सुटते. सीएनसी यंत्रावर शाफ्ट काढणाऱ्या निगडीच्या कारागिराला यात नवे काही नाही. 'गो' आणि 'नो-गो' गेज तो रोज वापरतो, आणि रायफलीत काडतूस बसण्याची जागा तपासण्याच्या गेजांची नावेही हीच आहेत. चूक मात्र येथे भंगारात जाऊन संपत नाही. दारू जास्त झाली तर नळी आणि नेमबाजाचे तोंड दोन्ही धोक्यात येतात, आणि मंद जळणारी दारू फार कमी भरली तरी दाब लहरी होतो, म्हणून जेथे हा छंद कायदेशीर आहे तेथेही छापील तक्त्याबाहेर कोणी जाऊ नये असे बजावले जाते. भारतात परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ५ मनाई करते.

तरी हाताने बार भरण्याची एक जुनी रीत महाराष्ट्रात त्याच कायद्याच्या चौकटीत टिकून आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय कायद्यात आहे, आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत अशा 'शेती संरक्षणाच्या' बंदुका गावोगाव आढळतात. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, प्रत्येक थर गजाने ठासायचा आणि शेवटी घोड्याखाली केप, म्हणजे टोपी, चढवायची. येथे माप हाताच्या सवयीचे असते, बोळा किती घट्ट बसला यावर दाब ठरतो, आणि नळी गुळगुळीत असल्याने आट्यांचा प्रश्नच नसतो. भातशेतीत उतरलेल्या रानडुकरांना पळवून लावण्यापलीकडे तिच्याकडून अचूकपणाची अपेक्षा कोणी करत नाही. पण पुंगळी सोडून काडतुसाचे बाकीचे तीनही घटक सुटे, डोळ्यांसमोर, एकामागून एक रचले जाताना पाहायचे असतील तर ही बंदूक त्याचा सर्वांत सोपा धडा आहे.

दारूचा स्वभाव हवेबरोबर बदलतो ही गोष्टही भारतातच प्रकर्षाने जाणवली. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू केली, त्यानंतर ब्रिटिशांनी तीत नायट्रोग्लिसरीन मिसळून कॉर्डाइट नावाची दोऱ्यांसारखी दारू काढली. इंग्लंडच्या थंडीत योग्य दाब देणारी ही दारू वैशाखाच्या उन्हात तापलेल्या काडतुसात अधिक झपाट्याने जळे, दाब चढे आणि पुंगळी नळीत अडकून बसे. म्हणून लंडनचे कारखानदार भारत-आफ्रिकेसाठी कमी दारूची वेगळी 'उष्ण कटिबंधी' काडतुसे विकत. हलक्या धक्क्याच्या, माफक दाबाच्या काडतुसाला हा त्रास कमी होई, आणि ७×५७ ची ख्याती या देशात टिकली त्याचे हेही एक कारण मानण्यास जागा आहे.

आज या पट्ट्यात अचूक काडतुसाचा शोध रानात नव्हे तर बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात चालतो. निगडीहून हे संकुल फार लांब नाही, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ज्याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, तो याच ठिकाणी सराव करत आला आहे. त्याच्या आधी, २०१० मध्ये, कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद पटकावले होते. या प्रकारांची .२२ रायफल जगातली सर्वांत सौम्य धक्क्याची म्हणावी अशी आहे: गोळी ४० ग्रेनची, अडीच ग्रॅमहून किंचित अधिक, आणि वेग आवाजाच्या वेगाहून थोडा कमी, म्हणजे ध्वनीची सीमा ओलांडताना बसणारा हेलकावा तिला सोसावा लागू नये. पण या काडतुसाची ठिणगी देणारी रसायने वेगळ्या टोपीत नसून पुंगळीच्या काठात भरलेली असतात, त्यामुळे ते हाताने पुन्हा भरता येत नाही आणि नेमबाजाला कारखान्यातून आलेल्यातूनच निवड करावी लागते.

ही निवड लॉटवरून होते. एका कारखान्यातले, एकाच नावाचे, एकाच किमतीचे काडतूस वेगवेगळ्या दिवशी वेगळे निघते आणि एका रायफलीला मानवलेला लॉट शेजारच्या रायफलीला मानवत नाही. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन इंग्लंड किंवा जर्मनीतल्या काडतूस-कारखान्यांच्या चाचणीकेंद्रांत जातात, तेथे तिची नळी लोखंडी पकडीत घट्ट बसवतात आणि माणसाचा खांदा, श्वास, दचक सगळे बाजूला ठेवून लॉटमागून लॉट ५० मीटरवर झाडून पाहतात. लक्ष्याचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, करंगळीच्या नखाएवढे. दहा गोळ्यांची भोके त्या नखावर एकमेकांत मिसळून एकच वेडेवाकडे भोक झाले, की त्या लॉटचा क्रमांक टिपून घेतला जातो आणि उरलेल्या पेट्या त्याच क्रमांकाच्या मागवल्या जातात.